पेनड्राइव्हवरचा सिनेमा

धम्मदीपच्या सिनेमावेड्या कंपूचा नियम साधा होता. दर महिन्याला एकाने आपला आवडता सिनेमा पेनड्राइव्हवर द्यायचा, बाकीच्यांनी तो आळीपाळीने बघायचा आणि मग भवानी पेठेतल्या टपरीवर चहा पीत त्यावर बोलायचं.

या वेळी पाळी त्याची होती. शनिवारी पेनड्राइव्ह परत आला, त्याने सहज लावून पाहिला आणि कपाळावर हात मारला. घाईत सिनेमाऐवजी बहिणीच्या लग्नाचं शूटिंगच भरलं गेलं होतं.

रविवारी टपरीवर त्याने मुद्दाम ही चूक कुणाला सांगितली नाही.

"शेवट लई भारी हाय की," कंपूतला त्याचा मित्र गुंडा म्हणाला. सिद्धांतला खलनायकाचं मौन भावलं होतं. धम्मदीपच्या तोंडातला चहा कडू झाला. असल्या ढोंग्यांसाठी आपण रात्रंदिवस सिनेमे शोधत बसतो, याची त्याला किळस आली.

ऋतुजा तेवढी काही बोलली नव्हती. निघताना ती हळूच म्हणाली, "पंगतीत वरण तुम्हीच वाढत होता ना?"

"चला, तू तरी खरं बघतेस," तो खूश होऊन म्हणाला.

"मागच्या महिन्यात माझ्या सिनेमातले संवाद तुम्हाला फार आवडले होते," ती म्हणाली. "तो मूकपट होता."