आठवी ‘ब’च्या डोक्यावर

बसा मित्रांनो, एक गोष्ट सांगतो. पण फळ्याजवळची ती दोन बाकं रिकामीच ठेवा. इकडे दाराशी सरका. हं, आता बरं.

मी एक जुना गर्डर आहे. बडोद्याच्या कडेला, वाघोडिया रोडवरच्या या हायस्कुलात आठवी ‘ब’च्या डोक्यावर आडवा पडलेला. भट्टीतून निघालो तेव्हा लाल होतो, आता गंजून पुन्हा लाल होत चाललोय. मला बसवलं तेव्हा चार वर्ग होते आणि भोवती शेतं. एका छतापुरतं काम होतं माझं.

मग वाघोडियाला कारखाने वाढले. सोसायट्या उठल्या, घरोघर रंगीत टीव्ही आले, शाळेत पोरं मावेनात. माझ्यावर आणखी एक मजला चढवला, त्यावर पाण्याची टाकी. गणपतीत माझ्याच अंगाला तोरण बांधायचे. पाहुणे म्हणायचे, काय भक्कम बांधकाम आहे. मीही फुगायचो. लोखंडालाही कौतुक गोड लागतं.

गेल्या पावसाळ्यात फळ्याजवळ, माझ्या टोकाखालची भिंत चिरली. उदयसिंहराव म्हणून एक पालक, कारखान्यात इंजिनिअर, पोराच्या चौकशीला आले नि चीर बघून थबकले. त्यांनी चिरेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली. हेडमास्तर दामोदर सरांना म्हणाले, "काच तुटली तर समजा भिंत सरकतेय. वर्ग लगेच रिकामा करा."

सरांनी चहा पाजला. पुढं उदयसिंहरावांची बदली सावली गावाकडच्या कारखान्यात झाली. सरांच्या डोक्यात एवढंच राहिलं, की काच तुटता कामा नये.

दिवाळीनंतर ती तुटली.

सर वर बघून म्हणाले, "कुणी फोडली? का काचेलाच शिंक आली?"

सरांनी अख्खा वर्ग बाकावर उभा केला. पोरांची डोकी माझ्या आणखी जवळ आली. मी जीव खाऊन करकरलो. मराठीच्या उषाबेन दारातून म्हणाल्या, उंदीर फार झालेत बाई.

तेवढ्यात वर्गातली मोहना बोलली. "सर, माझ्या हातून फुटली. जाळी काढताना झाडू लागला."

साफ खोटं. शेजारी सानवी तापानं डुलत होती, तिला खाली बसता यावं म्हणून बोलली पोरगी. सर रागावले, पण मनातून खूश झाले. खरं बोलणारी मुलगी, म्हणाले. नवी काच बसली, प्रकरण मिटलं. इतकं चांगलं मन नि इतकी वाईट गोष्ट मी एका जागी कधी पाहिली नव्हती.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, दुसरी तुटली. सरांनी मोहनाकडे नुसतं पाहिलं आणि तिसरी बसवली. मोहना मात्र तेव्हापासून वर बघते नि मनात घोळवते. ही मी फोडली नाही म्हणावं, तर पहिलीचं काय सांगावं?

काल तिसरीही गेली. उद्या दहावीचा निरोप समारंभ, वरच्या मजल्यावर. सारी शाळा वर असणार. आणि खाली मी.

मित्रांनो, मला रंग नको, तेल नको. काढून भंगारात घाला, वाईट वाटणार नाही. ती बघा, मोहना नळावर बाटली भरतेय. कालपासून दोनदा सरांच्या केबिनच्या दारापर्यंत जाऊन परत आली. तिच्याबरोबर जा, एकटीला जमायचं नाही. सरांना सांगा, तिनं एकही काच फोडली नाही. तिन्ही मी फोडल्यात.