साल्व्हियाची हजामत

मित्रांनो, आज मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. न बसो! माझी धार गेली असली तरी जीभ शाबूत आहे, आणि मला तर जिभा दोन.

होय, मी एक जुनी कात्री आहे. साधीसुधी नव्हे, न्हाव्याची. ऐन उमेदीत मी इतकी तेज होते की एका गिऱ्हाइकाला आलेली शिंक मी मधोमध कापली होती. अर्धी दुकानात झाली, उरलेली अर्धी तो घरी जाऊन शिंकला. मालक खुर्चीमागे उभे राहून "किती ठेवू?" असं विचारायचे, आणि उत्तर यायच्या आत मी कचकच सुरू व्हायचे. लोक तारीफ मात्र मालकांच्या हाताची करायचे. माझी कुणी केली नाही. असो. ते दुखणं जुनं आहे.

पुढे मालकांची नजर अधू झाली, दुकान बंद झालं आणि आम्ही दोघं घरी बसलो. पण हात थोडाच बसतो? मालकांनी पायपुसण्याच्या दशा छाटल्या, झाडूची टोकं एकसारखी केली, कुंपणाची झुडपं तर अशी कापली की मानेवर पावडर मारायचीच काय ती राहिली. मालकीणबाई म्हणायच्या, "अहो, निदान माझ्या वेणीला तरी सोडा!"

बागेत मालकीणबाईंचा जीव एकाच झाडात होता. साल्व्हिया. त्यांच्या धाकट्या बहिणीने दिलेलं. निळ्याजांभळ्या फुलांचे लांब तुरे, आणि पान चुरगाळलं की दिवसभर बोटांना वास. पण जात भारी नाजूक. ऊन भरपूर हवं, मुळाशी पाणी साचलेलं मुळीच खपत नाही, आणि कडाक्याची थंडी म्हणजे साक्षात काळ. उन्हाळ्यात मालकांचं आणि त्याचं छान जमायचं. शेंडा खुडला की झाड अंगाने भरतं, सुकलेला तुरा काढला की शेजारून नवा येतो. ही कामं आम्ही अशी सफाईने करायचो की फुलपाखरं कुंपणावर नंबर लावून बसायची.

खरी रड होती ती थंडीच्या तोंडाशी. झाड उंच वाढून विस्कटलं की मालकांचे हात शिवशिवायचे. पहिल्याच वर्षी त्यांनी बुडाशी चार बोटं ठेवून बाकी सगळं उतरवलं. "आता कसं माणसात आल्यासारखं दिसतंय!" म्हणाले. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, मित्रांनो! पण कात्री ओरडली की माणसाला वाटतं, हिला तेल हवंय. मालकांनी तेल घातलं.

मग बर्फासारखी थंडी पडली. जुन्या फांद्यांचं पांघरूण गेलेलं. कापलेल्या देठांतून गारठा आत उतरला आणि झाड शेंड्यापासून मुळापर्यंत काळं पडलं. बहिणीने दुसरी फांदी पाठवली. पुढच्या थंडीच्या तोंडाशी तिचीही तीच गत. मालक म्हणाले, "मी फक्त बाजूने बारीक केलं होतं." पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून मालकीणबाई थकल्या, आणि माझ्या तर दोन्ही जिभांना फोड आले.

तिसऱ्या वेळी बहीण स्वतःच आली. ओल्या फडक्यात फांदी गुंडाळलेली.

"ताई, माझ्याकडचं मूळ झाडही गेलं गं. ही शेवटची फांदी. पुढच्या उन्हाळ्यात मी येईन, तेव्हा मला फुलं दिसली पाहिजेत. आणि भावोजी, तुम्ही हात खिशात ठेवा!"

"अगं, मी फक्त जरा बाजूने..."

"बाजूने नाही, वरून नाही. कुठूनच नाही!"

फांदी रुजली, वाढली, झकास फुलली. आणि वारा गार व्हायला लागला तसे मालक पुन्हा मला दगडावर घासू लागले. मालकीणबाई दारात उभ्या राहिल्या.

"अहो, थंडीत तुमच्या दुकानात किती लोक यायचे?"

"कसले येतायत! माश्या मारत बसायचो. सगळे म्हणायचे, राहू दे, कानाला ऊब असते."

"मग त्या झाडाला कान नाहीत?"

मालक घासायचे थांबले. मला वाटलं, उतरलं एकदाचं डोक्यात! पण ते म्हणाले, "ते माणसांचं झालं. झाड नीटनेटकंच बरं. उद्या सकाळी उरकतो."

असा संताप आला मला! मग मी जे केलं ते जगात कुठल्या कात्रीने केलं नसेल. मी रुसले. सकाळी मालकांनी मला उचललं, तशी माझी दोन पाती दोन दिशांना तोंडं करून बसली. एक डाव्या हातात, एक उजव्या. निव्वळ मनाच्या जोरावर! मालक गुडघ्यांवर बसले. फरशीवर हात फिरवत, बाकाखाली वाकून वाकून त्यांनी माझी क्षमा मागितली. मालकीणबाईसुद्धा शेजारी बसून एका हाताने फरशी चाचपत होत्या. दुसरी मूठ घट्ट मिटलेली. मी बधले नाही. मालकांनी मला सुतळीने बांधलं, मी सुतळी सोडली.

"दुसरी आणा की बाजारातून," मालकीणबाई अगदी भोळेपणाने म्हणाल्या.

"परक्या कात्रीला मी हात लावत नाही, तुला ठाऊक आहे."

"मग राहू द्या थंडी सरेपर्यंत."

राहिलं. मालकीणबाईंनी बुडाशी सुका पाला रचला, पाणी बेताचंच ठेवलं. साल्व्हिया सगळी थंडी झिंज्या पिंजारून उभी होती. मालक येता-जाता तोंड फिरवायचे. बाई मात्र आपला बटणांचा डबा कुणाला उघडू देत नव्हत्या. का, ते त्यांनाच माहीत.

ऊन तापू लागलं तशी एके दिवशी खोडाच्या तळाशी कोवळी फूट दिसली. बाईंनी मला मांडीवर घेतलं, लाडाने माझ्या पोटाशी काहीतरी गोल गोल फिरवलं, माझा राग शांत झाला, आणि मला मालकांच्या हातात देत त्या म्हणाल्या, "आता कापा. वाळक्या काड्या तेवढ्या."

उन्हाळ्यात बहीण आली. फुलं बघून फाटकातच थबकली. "भावोजी! जमलं की हो शेवटी!"

"मग? हात कुणाचा आहे!" मालक म्हणाले. त्यांच्या हाताने कापलेली एक हिरवी फांदी ओल्या फडक्यात बांधून बहिणीबरोबर गेली. बाई नुसत्या हसल्या. आणि माझं नाव? कुणाच्या तोंडी नाही!

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगते. नाजूक झाड थंडीत गबाळं दिसलं तरी दिसू द्या. बुडाशी नवी फूट दिसेपर्यंत धीर धरा. आणि धीर धरवत नसेल, तर माझ्यासारखी निश्चयी कात्री घरात ठेवा, जी निव्वळ मनाच्या जोरावर...

"पुरे गं थापाडे!" माझ्याच पोटातून माझा स्क्रू करवादला. "मनाचा जोर म्हणे! बाईंनी आदल्या रात्री मला काढलं होतं. सगळी थंडी मी बटणांच्या डब्यात काढली!"