फलटणीचं कापड

चेचिनाच्या फलाटावर ओर्नेलाने नवऱ्याच्या कानाखाली असा आवाज काढला की पावाचे तुकडे टिपणारी कबुतरं उडाली आणि बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी पेपर खाली घेतले. लोरिसने गालसुद्धा चोळला नाही. ही नुसती सुरुवात आहे हे त्याला ठाऊक होतं.

"माझ्या पिशवीत? माझ्या?" ओर्नेला ओरडली. "गेले चार दिवस मी हे पाठीवर घेऊन हिंडतेय? आणि वर मलाच विचारत होतास, बाई गं, बुटांचे जोड किती घेतलेस म्हणून!"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत! तमाशा मांडताना लाज वाटली नाही, आता प्रेक्षक नकोत होय?"

पिशवीची तळाची शिवण उसवली नसती तर तिला कळलंही नसतं. लोरिस म्हणाला होता, खाली तंबूचं कापड आहे, समुद्रकाठी झोपायला लागलं तर असू दे. ओर्नेला जन्मभर दुकानांच्या छत्र्या आणि होड्यांची शिडं शिवत आलेली. उसवलेल्या शिवणीतून लाल-काळं टोक बाहेर आलं आणि तिने नुसता अंगठा फिरवला. तंबू कसला डोंबलाचा! जुनं, जाड, रंगाने कडक झालेलं शिडाचं कापड होतं ते. ओढून बघितलं तर हातभर उंचीचं पहिलं अक्षर बाहेर आलं. वाल्दोराच्या जुन्या फलटणीचा, लोरिसच्या त्या फुटबॉलवेड्या टोळीचा झेंडा.

फुटबॉलची टोळकी ज्यांच्या घरात कधी शिरली नाहीत त्यांना वाटेल, कापडाचं एवढं काय? अहो, कापडच तर सगळं. दर रविवारी मैदानावर ते कठड्याला बांधायचं आणि त्याच्यामागे उभं राहून घसा फोडायचा. आणि तेच कापड शत्रूच्या हाती लागलं तर तो ते आपल्या बाजूला उलटं टांगतो. त्या दिवसापासून टोळी संपली. कायमची. नाव घ्यायचं नाही, नवीन झेंडा शिवायचा नाही, चाळीस वर्षांची टोळी असली तरी घरी जायचं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो कोणी मोडत नाही. लग्न मोडतात मेले, पण हा नियम नाही.

आणि आज रविवार होता. वाल्दोराचा संघ पोर्तो ग्रीजोला खेळायला येणार होता. पोर्तो ग्रीजोचे बंदरवाले म्हणजे फलटणीचे बापजाद्यांपासूनचे वैरी.

"ब्रुनेरो म्हणाला," लोरिस पुटपुटला, "आमच्या बसवर रस्त्यात हल्ला होणार हे नक्की. पोलीस झडती घेणार ते वेगळंच. पण नवरा-बायको, पाठीला पिशव्या, पायात चपला, समुद्रकाठच्या गाडीने हळूहळू फिरत चाललेत... कोण ढुंकून बघतंय?"

"म्हणजे ही आपली सहल तुझ्या त्या म्होरक्याने, ब्रुनेरोने ठरवली."

"सहल आपलीच आहे गं, ओर्ने. फक्त वाटेत एवढं एक काम."

ओर्नेलाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याला दिसलं याचा तिला जास्त राग आला. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि लग्नानंतरचा एकही प्रवास झाला नव्हता. कारण काय, तर लग्नाच्या आदल्या महिन्यात साहेबांनी एका बंदरवाल्याचा जबडा बाकाच्या फळीने फोडला आणि मैदानबंदी ओढवून घेतली. तीन वर्षं प्रत्येक सामन्याच्या वेळी पोलीस ठाण्यात जाऊन सही. पाऊस असो, आईचा वाढदिवस असो. ओर्नेला बाहेर गाडीत बसून राहायची. वसंतात बंदी संपली तेव्हा तिने त्याला समोर बसवून विचारलं होतं: फलटण की मी? त्याने तिच्या गळ्याची शपथ घेतली होती. मग ही सहल. कामोल्यीला अंगणातल्या पलंगांवर झोपले, लेवान्तोला खडकांवर तळलेल्या मासळीचा पुडा फस्त केला, पाण्यात एकमेकांना बुडवलं. सुखाने तिचं वजन कमी झाल्यासारखं वाटत होतं. आणि तेवढा वेळ पाठीवर हे!

जित्याची खोड, दुसरं काय.

"टाक ते कचऱ्यात," ती म्हणाली.

"त्यापेक्षा मला रुळांवर ढकल."

तो खरं बोलत होता. ओर्नेलाने नाक पुसलं आणि ठरवून टाकलं. "ऐक. कापड तुझ्या पिशवीत भर. ब्रुनेरो जिथे येईल तिथे दारातूनच त्याच्या हातात दे, आणि परत आत येऊन माझ्या शेजारी बस. आपण पुढे नापोलीला जातोय. तू खाली उतरलास, लोरिस, तर मी एकटी पुढे जाईन, आणि घरी परतून कुलूप बदलीन. कळलं?"

"कळलं. तुझ्याच शेजारी बसतो. शप्पथ."

"शपथा पुरे झाल्या."

गाडीत गर्दी नव्हती. एक शाळामास्तरीण वाटावी अशी बाई, मागे तीन-चार परदेशी पोरी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पाइनची झाडं. दोघं समोरासमोर बसली. लोरिसने पिशवी मांडीवर घेतली होती, लेकरू घ्यावं तशी. तोरेनेराच्या आधीच्या स्टेशनवर सहा पोरं चढली. टोप्या नाहीत, रुमाल नाहीत, हातात काही नाही. पण सहाही जणांच्या कमरेला जाड बकलाचे पट्टे. ते डब्यातून बाकामागून बाक बघत येत होते. ओर्नेलाने ओळखलं, बंदरवाले.

पुढचा होता तो चांगला चाळिशीचा, उन्हाने रापलेला, आवाजाने अगदी मऊ. इतर त्याला द्रुसो म्हणत होते. तो लोरिसपाशी थांबला.

"भाऊ, वाजले किती?"

हा प्रश्न वेळेसाठी नसतो. तोंड उघडलं की माणूस कुठल्या गावचा ते कळतं, त्यासाठी असतो. लोरिसने तोंड उघडलं असतं तर संपलंच होतं. पण ओर्नेलाची आई याच भागातली, ग्रोसेतोजवळची. ओर्नेला पटकन आईच्या बोलीत म्हणाली, "त्याला काय विचारता? दात दुखतोय त्याचा, सकाळपासून तोंड फुगवून बसलाय. बारा वाजून गेले."

द्रुसो हसला. "दात काढून टाका म्हणावं."

"नवराच बदलते म्हटलं, स्वस्त पडेल."

पोरं खिदळली. द्रुसो पुढे सरकला. झालं होतं, सुटली होती दोघं! ओर्नेलाने श्वास सोडला. तेवढ्यात सगळ्यांत मागचं एक कार्टं, ओठावर मिसरूडही धड नाही असं, सहज म्हणालं, "मला वाटलं त्या जुन्या फलटणीतलाच कुणी. पण ते कसले येतायत? त्यांचे म्हातारे मेले आणि पोरं आईच्या पदराखाली. त्यांच्या झेंड्याने आमची आजी फरशी पुसते."

ओर्नेलाने लोरिसचा गुडघा आवळून धरला. गेल्या वर्षी बाजारात एक जण तिला घाणेरडं बोलला होता, तेव्हा हाच लोरिस म्हणाला होता, सोड गं, कुत्री भुंकतात. आता तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिला कळलं, की हा बसून राहणार नाही. तिच्यासाठी बसून राहिला होता. यासाठी नाही राहणार.

लोरिस उठला आणि त्याने पोराच्या नाकावर डोकं हाणलं.

हाड मोडल्याचा आवाज सगळ्या डब्याला ऐकू गेला. पोरगं गुडघ्यावर बसलं, बोटांमधून रक्त. मग काय विचारता! पट्टे सुटले. पहिलं बकल लोरिसच्या भुवईवर बसलं आणि भुवई फाटून डोळ्यावर लोंबायला लागली. त्याने एकाला कॉलरला धरून खिडकीवर आपटला, पुन्हा आपटला, तिसऱ्यांदा आपटला तेव्हा त्याच्या दातांनी काचेवर ओरखडा काढला. दोघांनी मागून धरून त्याला बाकांच्या मधे पाडलं आणि बरगड्यांवर लाथा घालायला लागले, धान्य तुडवावं तसे, लयीत. शाळामास्तरीण किंचाळत पळाली. तिकीट तपासनीस दारात दिसला आणि आल्या पावली परत गेला.

ओर्नेला बघत बसली असेल असं वाटत असेल, तर तुम्ही ओर्नेलाला ओळखत नाही. पाण्याची स्टीलची बाटली तिने लाथा घालणाऱ्याच्या कानशिलावर हाणली. तो आडवा झाला. दुसऱ्याने तिचा दंड धरला, त्याच्या मनगटाला ती चावली आणि तोंडात रक्ताची चव आली तरी सोडेना. शेवटी त्याने मूठ वळून तिच्या तोंडावर मारली. समोरचा दात तुटला. केसांना धरून त्याने तिला डब्यातून फरफटत नेलं, आणि गाडी तोरेनेराला थांबली तशी दारातून फलाटावर फेकलं.

मागून लोरिसलाही बाहेर काढला. पिशवी त्याने पोटाशी धरली होती, तिचे पट्टे हाताभोवती गुंडाळून. चौघांनी ओढूनही सुटेना. तेव्हा द्रुसोच्या लक्षात आलं.

"थांबा रे," तो म्हणाला. "थांबा. पिशवीत काय आहे, भाऊ?"

लोरिसने पिशवीचे पट्टे आणखी आवळले. तेच उत्तर होतं. सगळ्या पोरांनी हातातले पट्टे खाली केले, चर्चमध्ये टोपी काढावी तसे.

द्रुसोने ओर्नेलाचे केस स्वतःच्या मुठीत घेतले आणि तिचं डोकं मागे ओढलं. चामडीपासून केस उपटल्याचं तिला ऐकू आलं. "सरळ सौदा आहे," तो मऊ आवाजात म्हणाला. "कापड टाक, बायको घे, चढा गाडीत. नाहीतर हिचं तोंड या बाकाच्या काठावर आपटतो. तेव्हा तुझ्या तोंडावर रुमाल होता, पण आता ओळखलं तुला, तुझ्याचकडून शिकलोय. जबडा कसा फुटतो ते मी तीन महिने नळीने सूप पिऊन शिकलो."

गार्डने शिट्टी फुंकली. दार अजून उघडं होतं.

लोरिस हळूहळू उठला. एक डोळा रक्ताने बंद. दुसऱ्याने त्याने ओर्नेलाकडे पाहिलं. ओरडावं, विनवावं असं तिला वाटलंच नाही. इतकं साधं होतं ते. हात सैल सोडायचे, बस. रंगवलेलं एक जुनं कापड खाली पडू द्यायचं. तिने बघितलं की तो विचार करतोय. विचार करायला वेळ लागतोय हेच तिला बकलाहून जास्त लागलं.

मग दारं मिटायला लागली, आणि लोरिसने पिशवी छातीशी कवटाळून स्वतःला मागच्या मागे गाडीत झोकून दिलं.

गाडी हलली. काचेपलीकडे तो तिला काहीतरी सांगत होता, हात काचेला लावून. ओर्नेलाने ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

द्रुसोने तिचं तोंड बाकावर आपटलं नाही. मूठ उघडली, तिचे उपटलेले केस झटकले आणि जाणाऱ्या गाडीकडे बघत टाळ्या वाजवल्या. खरोखरच्या, मनापासून. इतर पोरंही वाजवायला लागली, नाक फुटलेलं ते कार्टंसुद्धा.

"गडी आहे," द्रुसो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका, ताई. पण असा एक जण आमच्यात असता, तर खांद्यावर घेऊन नाचलो असतो." आणि त्याने खिशातून कागदी रुमाल काढून तिच्यापुढे धरला.

तिने घेतला नाही. बाकावर बसली. तोंडात रक्त भरत होतं, ते थुंकत होती. तिला दुःख झालं नव्हतं, ते पुढे होणार होतं. आता नुसता राग होता, आणि राग फार स्वच्छ असतो. पोरं नळावर तोंडं धुवायला गेली. कुणी शिव्या देत होतं, कुणी आधीच इथे आणून लावलेल्या मोटारीची किल्ली शोधत होतं. द्रुसो तिथेच पलीकडे उभा राहून सिगारेट ओढत होता.

तिच्या खिशात फोन वाजला.

"ओर्ने!" लोरिस धापा टाकत होता, आणि त्याच्या आवाजात आनंद होता. आनंद! "वाचलं! कापड वाचलं गं!" मग आठवल्यासारखं म्हणाला, "तू बरी आहेस ना? मला माहीत होतं, तुला काही करणार नाहीत. बाईमाणसाला हात लावत नाहीत, नियम आहे."

ओर्नेलाने दाताचा तुकडा तळहातावर थुंकला आणि त्याच्याकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "कुठे आहेस तू?"

"पुढच्याच स्टेशनवर, पुंता रोसाला उतरलो. स्टेशनमागे जुनी पाण्याची टाकी आहे, तिच्याखाली बसलोय. पाय काही चालत नाही. ब्रुनेरोला यायला तास तरी लागेल."

"पुंता रोसाला?" ओर्नेला मोठ्याने म्हणाली. इतक्या मोठ्याने, की सिगारेट ओढणाऱ्याने मान वळवली. तिने त्याच्या डोळ्यांत डोळे घातले. "स्टेशनमागे, पाण्याच्या टाकीखाली? आणि पाय चालत नाही? एकटाच आहेस?"

"एकटाच. का गं, ओरडतेस का?"

द्रुसोने सिगारेट टाकली. पोरांना हाक न मारता नुसता हात केला, आणि सगळे स्टेशनबाहेरच्या मोटारीकडे पळाले. दारं आपटल्याचा आवाज आला.

"काही नाही," ओर्नेला म्हणाली. "इथे रेंज नाही. तू तिथेच थांब हं, लोरिस. अजिबात हलू नकोस."