चंद्रभानला ताट नाही

बायनाबाईंनी ओसरीवर तीनच पाट मांडायला लावले. एक जर्मनीहून ज्वारी खरेदी करायला आलेल्या केलरबाईंचा, एक नात मंजुषाचा आणि एक जीपचा ड्रायव्हर आश्रुबा याचा. चौथा माणूस अजून दारातच बूट काढत होता. तो त्यांचा पुतण्या, चंद्रभान.

"मोठी आई, लय दिवसांनी आलो," म्हणत तो पाया पडायला वाकला.

बायनाबाईंनी पाय लुगड्यात ओढून घेतले. "बस त्या खुर्चीवर. तुला बोलायचं काम हाय, जेवायचं न्हाई."

ज्या घराने वैऱ्यालाही कधी उपाशी लावून दिले नव्हते, त्या घरात हे वाक्य उच्चारताना त्यांचा आवाज कापला नाही. सात वर्षे त्यांनी ते मनात घोटून ठेवले होते.

चंद्रभान आता पुण्यातला मोठा लेखक होता. परदेशी व्यापारात कोणत्या देशाच्या माणसाशी कसे बोलावे, कोणाच्या मौनाचा काय अर्थ घ्यावा, हे शिकवणारे त्याचे पुस्तक कंपन्यांचे साहेब वाचत. त्यातले एक प्रकरण बायनाबाईंवर होते. नाव तेवढे बदललेले. पाथरी तालुका, बायकांचा ज्वारी संघ आणि म्होरक्या बाईच्या हातावरचे गोंदण मात्र जसेच्या तसे. ओळखायला आणखी काय लागते?

घडले होते ते असे. सात वर्षांपूर्वी, पेरणीच्या तोंडावर, एक परदेशी व्यापारी याच ओसरीवर जेवायला बसला होता. घास हातात असतानाच त्याने विचारले, दिवाळीआधी कंटेनरभर ज्वारी मिळेल का? रब्बीची ज्वारी दिवाळीला गुडघ्याएवढीही नसते. पण ताटावर बसलेल्या पाहुण्याला 'नाही' म्हणण्याची या घराची रीत नव्हती. "होईल की, आधी पोटभर जेवा," बायनाबाई म्हणाल्या. हात धुतल्यावर, सुपारी देताना, त्या खरे काय ते समजावून सांगणार होत्या. चंद्रभान याच मातीतला. त्याला रीतही ठाऊक आणि रब्बीही ठाऊक. तरी दुभाषा म्हणून त्याने 'हो' कळवले आणि परभणीची गाडी चुकेल म्हणून पाहुण्याला हातावर पाणी पडताच उठवून नेले. दिवाळीला माल कुठून जाणार? व्यापारी तुटला. वर याने छापले, या भागातल्या लोकांचा शब्द ताटावरचा असतो, तो खरा धरू नये.

तेव्हापासून पाथरीच्या बाजारात आडते हसून विचारत, "बाई, हा शब्द ताटावरचा का ताटाखालचा?" बायनाबाईंनी ते गिळले. आज केलरबाईंना हवी तेवढी ज्वारी एकटा त्यांचाच संघ पुरवू शकत होता, म्हणून त्यांचा दुभाषा होऊन चंद्रभान आपणहून या दारी आला होता.

येसराची आमटी वाढून झाली. केलरबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि थांबून विचारले, हे का जेवत नाहीत?

"काय म्हनाल्या त्या?" बायनाबाईंनी विचारले. मंजुषाने सांगितले.

"मग चंद्रभान, तूच सांग त्यांना. मी बोलते तसंच सांगायचं. शब्द बदललास तर ही मंजुषा ऐकायला बसलीच हाय."

"मोठी आई, हे आपण नंतर..."

"मागल्या खेपेला मी नंतरच बोलणार व्हते. तू नंतर येऊच दिलं न्हाईस. सांग, ताटावर मी न्हाई म्हनत नसते, म्हनून याला ताट दिलं न्हाई."

त्याने सांगितले.

"सांग, त्या बारीला ज्वारी दिवाळीला येत न्हाई हे याला ठाऊक व्हतं. तरी यानं हो सांगितलं, अन् पुस्तकात माझ्या नावानं खोटं छापलं."

चंद्रभानने घसा खाकरला, रुमालाने कपाळ पुसले आणि बोलला. मंजुषाचा घास थांबला.

"आजी, तू 'खोटं' म्हणालीस. काका 'गैरसमज' म्हणाले."

"खोटं म्हन," बायनाबाई म्हणाल्या.

तो शब्द त्याने म्हटला. जगाला बोलायला शिकवणाऱ्या माणसाची मान खाली गेली, आणि बायनाबाई डोळ्यांची पापणी न लववता पाहत राहिल्या. केलरबाईंनी थेट त्याच्याकडे वळून एकच प्रश्न केला, हे खरे का? त्याचे उत्तर एका अक्षराचे होते. ते कळायला बायनाबाईंना दुभाषा लागला नाही.

"आता शेवटचं. ज्वारी देईन, शिमगा झाल्यावर, चाळून, निवडून. पन आमच्या दोघींच्या मधी हा नसंल. बोलणं मंजुषा करंल. हेबी तूच सांग."

त्याने तेही सांगितले. केलरबाईंनी मान हलवली, आधी मंजुषाकडे पाहून, मग बायनाबाईंकडे.

"मोठी आई, पाणी तरी..."

"मंजुषा, तांब्या दे. पानी आमी कुणालाबी देतो."

तो उभ्यानेच पाणी प्याला आणि बाहेर जाऊन उन्हात तापलेल्या जीपमध्ये बसला. ते पाहून आश्रुबा अर्ध्या भाकरीवरून उठू लागला.

"भाऊ, बसा. दही राह्यलंय अजून. तुमच्या सायबांना आज घाई न्हाई."

मग त्यांनी परडीतली भाकरी उचलली. केलरबाईंनी ताटावर आडवा हात धरला आणि स्वच्छ शब्दांत नको म्हटले. या ओसरीवर इतके उघड 'नको' बायनाबाईंनी प्रथमच ऐकले. त्यांना ते आवडले. तरीही हात बाजूला सारून त्यांनी अर्धी भाकरी वाढलीच.