डोळ्यातल्या थेंबभर पाण्याचा रिपोर्ट

शहाऐंशी साली मुंबईला जाऊन माझा मोतीबिंदू काढला, तेव्हा डॉक्टरांनी माझ्या डोळ्याच्या आतलं थेंबभर पाणीही तपासायला घेतलं. पट्टी सुटली, मोतीबिंदू गेला, पण दिसायचं ते नळीतून बघितल्यासारखं, समोरचं तेवढंच. त्याचं डॉक्टरांना फारसं काही वाटलं नाही. पाण्याचा रिपोर्ट आला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा खुलला. त्यात म्हणे प्रथिनं जास्त निघाली. रातांधळेपणा ज्यांच्या घराण्यातच आहे, डोळ्याचा आतला पडदा सुकत चाललाय, अशा माझ्यासारख्यांच्या पाण्यात काय बदल होतो, यावर त्यांचा अभ्यास चालला होता.

करा बाबा अभ्यास. मला एकच विचारायचं होतं. वडिलांकडून मला आलं, ते माझ्या नंदिनीला आलंय का? डॉक्टर म्हणायचे, ते या पाण्यातून कळत नाही, मुलीला तपासायला आणा. आणि नंदिनी काही केल्या यायला तयार नव्हती. मला काही झालेलं नाही, एवढंच तिचं उत्तर.

घरी वेगळीच तऱ्हा. आमच्या ह्यांनी ‘प्रथिनं जास्त’ एवढंच ऐकलं आणि वाशीला घरी पोचताच सासूबाईंच्या कानावर घातलं. झालं. माझ्या ताटातलं वरण गेलं, उसळ गेली, अंडं गेलं. खाल्लेली डाळ डोळ्यात उतरत नाही, असं डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, मग वाढली कुठून? महिनाभर मी दुधीभोपळा गिळत होते आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होते. माझ्या पाण्याची काळजी सगळ्यांना, पोरीचं नाव कुणी काढेना.

त्यातच पनवेलचं स्थळ आलं. मुलाकडच्यांना शनिवारी संध्याकाळी सातला बोलवायचं ह्यांनी ठरवलं. नंदिनी पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “बाबा, संध्याकाळी नको. सकाळी बोलवा.”

मला बघायला आले होते, तेव्हा माझ्या आईनं हट्टानं सकाळचीच वेळ दिली होती. दिवेलागणीनंतर चहाचा ट्रे घेऊन मला धड चालता आलं नसतं.

मी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. म्हटलं, कुणाला बोलवायचं नाही, उद्या आधी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल.

“आधी लग्न होऊ दे, आई,” ती हळूच म्हणाली. “तुझं झालं ना?”