वासराच्या रकान्यातल्या वहिनी

मित्रांनो, मी एक जुनी पिचकारी आहे. मेंढरांच्या घशात जंताचं औषध सोडण्यात माझं आयुष्य गेलं. पितळी दांडा, लांब वाकडी चोच आणि अंगावर मापाच्या रेघा, एवढंच माझं रूप. मालकांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मेंढराचा जबडा धरायच्या आणि मालक माझा दांडा दाबायचे. मेंढरं धडधाकट झाली की मालक म्हणायचे, "हिच्या तोडीची दुसरी नाही!" लेंड्यांत पडलेले मेलेले जंत मी अभिमानाने पाहिले आहेत. किळस कशाला म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं.

मग वहिनींच्या छातीत गाठ निघाली. मोठ्या दवाखान्याने सांगितलं, कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय, ऑपरेशन करून घ्या. तारीखही दिली. वहिनी घाबरल्या. तेवढ्यात मालकांचे धाकटे भाऊ मोबाइल नाचवत आले.

"वहिनी, चिरफाड कशाला? एक माणूस हेच जंताचं औषध पिऊन ठणठणीत झाला. व्हिडिओ आहे!"

"त्याने दुसरं काहीच घेतलं नव्हतं, भावजी?"

"ते व्हिडिओत नाही."

भावजींनी बाटलीवरचा तक्ता वाचला. त्यात मेंढी, वासरू आणि गाय असे रकाने होते. "मेंढीचं माप कमी पडेल, गायीचं जास्त होईल. वासरू धरू," ते म्हणाले. मालकांनी मान डोलावली.

"बरं झालं, म्हैस नाही म्हणालात," वहिनी हसल्या. त्या घरातलं ते शेवटचं हसू.

मला नळाखाली धुतलं, म्हणजे नुसतं पाणी दाखवलं. मेंढराचा जबडा उचकटावा लागतो हो. वहिनींनी आपणहून तोंड उघडलं. किळस कशाला म्हणतात ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मेंढराला एका हंगामात एकदा, वहिनींना मात्र रोज. ऑपरेशनची तारीख उलटली. वहिनींचे डोळे पिवळे झाले. भावजी खूश झाले. "विष बाहेर पडतंय!"

एके दिवशी मेंढ्या तपासायला आलेले गुरांचे डॉक्टर चहासाठी घरात आले. कपबशांच्या शेजारी मी निथळत होते.

"ही इथे काय करतेय?"

वहिनींनी सगळं सांगितलं. डॉक्टर त्यांच्या डोळ्यांकडे बघतच राहिले. "अहो, हे जंतांचं औषध आहे. माणसाचा कॅन्सर याने बरा होतो असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"तुम्ही गुरांचे डॉक्टर," भावजी म्हणाले, "तुम्हाला कॅन्सरमधलं काय कळतं?"

"काहीच नाही. म्हणून तर मी माणसांना औषध देत नाही."

आता वहिनी दवाखान्यात आहेत. रोजच्या औषधाने लिव्हर बिघडलंय, ते सुधारेपर्यंत ऑपरेशन करता येत नाही, आणि गाठ काही लिव्हरसाठी थांबत नाही. भावजींनी स्वतःचा नवा व्हिडिओ टाकलाय. 'आम्ही औषध सुरू करायलाच उशीर केला,' असं त्यात सांगतात. लोक खाली हात जोडतायत.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. मला मेंढ्यांच्या शेडमधल्या खिळ्याला टांगा, तीच माझी जागा. पण घरातल्या कुणी घाबरून तोंड उघडलं, तर त्यात काही ओतण्याआधी त्याला विचारा, भीती कशाची वाटते? मी मेंढरांना कधी विचारलं नाही, कारण त्यांना बोलता येत नाही. वहिनींना येत होतं.