ताडपत्रीखाली

माझ्या दिराला साहेबांची फार आठवण येते. "साहेबांचं राज्य होतं तेव्हा पूल वर्षात उभा राहिला," असं तो जेवताना रोज ऐकवतो. वर्षात उभा राहिला आणि पुढच्या पुरात आडवा झाला, हे मात्र सोयीस्कर विसरतो.

तपासणीला पुलावर भरलेले ट्रक उभे करायची पद्धत. पूल पेलेल याची खात्री नव्हती आणि साहेबांसमोर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. म्हणून रिकाम्या ट्रकांवर ताडपत्र्या ताणून बांधल्या. त्यातला एक माझा नवरा चालवत होता. चहा पिताना तो सहज म्हणाला, "गाड्या रिकाम्या आहेत." संध्याकाळी त्याला घेऊन गेले. आजतागायत पत्ता नाही. सख्खा भाऊ गेला, तरी दिराचं साहेबपुराण चालूच.

आताचे आपण निवडून दिलेले. त्यांनी नव्या पुलासाठी समित्या नेमल्या, भांडले, फोटो काढले. निवडणूक तोंडावर आली तेव्हा कुठे पूल झाला. पहिली बस दीर नेणार होता, प्रवाशांनी भरलेली. स्वारी कडक इस्त्री करून तयार.

तपासणीला मी मुद्दाम गेले. पुलावर ट्रक, ट्रकांवर ताडपत्र्या. चाकावर पाय देऊन चढले आणि ताडपत्री उचलली. आत एक फावडं होतं, बस्स.

"गाडी रिकामी आहे," मी ओरडून सांगितलं.

नगराध्यक्ष माइकवरून म्हणाले, "बाई, विरोधकांनी पाठवलंय का तुम्हाला?"

"तुझा निर्लज्जपणा दिसायला विरोधक कशाला लागतात?"

लोक हसले. मग बाकीच्या ताडपत्र्या त्यांनीच ओढल्या. उद्घाटन बारगळलं. चौकशीला समिती नेमली, अर्थात.

"आता घाला अजून दोन वर्षं वळसा," दीर घरी येऊन चडफडला. बस नदीत गेली असती, त्याचं काही नाही.

मी कपड्यांची पिशवी भरून दाराआड ठेवली आणि न्यायला येतील म्हणून वाट बघत बसले. आठवडा गेला. कोणी फिरकलं नाही. मग एका सकाळी पिशवीतले कपडे परत कपाटात ठेवायला घेतले आणि मला रडू आवरेना.

दीर दारात आला. "वहिनी, काय झालं?"

"काही नाही झालं," मी म्हटलं. "तुझा भाऊ बोलला तेच मी बोलले, आणि काहीच झालं नाही."